ओलं फडकं

अंजनाबाई कुमरे दर शुक्रवारी आईचं तोंड पुसायची. आईला जाऊन सेहेचाळीस वर्षं झाली होती.

शहरातल्या सदर भागात, एका जुन्या कॉलेजात मानवशास्त्र विभाग होता. त्याच्या मागच्या खोलीत, जिथं ऊन पोचत नसे, काचेच्या कपाटात चौदा चेहरे होते. प्लास्टरचे, डोळे मिटलेले, कानापर्यंतच. कधीकाळी जिवंत माणसांच्या तोंडावर प्लास्टर ओतून साचे घेतले होते आणि साच्यांतून हे चेहरे काढले होते. प्रत्येकाखाली पत्र्याची पट्टी होती. सात नंबरच्या पट्टीवर लिहिलं होतं : गोंड, स्त्री, वय अंदाजे तीस, जयवंता.

ती जयवंता नव्हती. ती बायजाबाई होती, अंजनाबाईची आई. हे आता अंजनाबाईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

सावनेरच्या पलीकडे जंगलाच्या कडेला एकवीस घरांचा टोला होता. आणीबाणीच्या सालात तिथं एक जीप आली तेव्हा अंजना आठ वर्षांची होती. जीपमधून एक साहेब उतरला. त्याच्याकडे डोकं मोजायचा लोखंडी चिमटा होता, कॅमेरा होता, पांढऱ्या पावडरीची पोती होती, आणि नावं लिहायची वही होती. टोल्यानं बाकी काही पाहिलं नाही, वही तेवढी पाहिली. त्या दिवसांत नावं लिहून नेणारी गाडी एकाच कामाची असायची. शेजारच्या गावातून नऊ माणसं नसबंदीला उचलून नेली होती.

टोल्यातला म्हातारा धोंडबा म्हणाला, "नाव तं द्याच लागन. मेलेल्याचं द्या. मेलेल्याले कोण धरून नेईन?"

सगळ्यांनी तसंच केलं. धोंडबानं स्वतःच्या मेलेल्या बापाचं नाव सांगितलं. बायजाबाईनं जावेचं सांगितलं. जयवंता आदल्या वर्षी साप चावून गेली होती, मूल ना बाळ. साहेबानं सगळं मान डोलावत लिहून घेतलं. पुढं त्या नावांवरून त्यानं टोल्याच्या वंशावळी मांडल्या, जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि त्या पुस्तकावर दोन पिढ्यांच्या परीक्षा झाल्या.

चेहऱ्याचा साचा घ्यायला साहेबानं बायजाबाईला खाटेवर निजवलं. तोंडाला व्हॅसलिन चोळलं, नाकात दोन नळ्या घातल्या, आणि वर पांढरा लगदा थापला. आईचं तोंड नाहीसं झालं तशी अंजना ओरडायला लागली. तेव्हा बायजाबाईनं तिचा हात धरला आणि वीस मिनिटं ती तो दाबत राहिली, सोडत राहिली. मी आहे, असं सांगत होती. तोंड सुटल्यावर ती खूप वेळ खोकली, मग हसली. साहेबानं तिला लाल साबणाची एक वडी दिली.

तीन वर्षांनी बायजाबाई तापानं गेली. टोल्याच्या रिवाजाप्रमाणे तिला पुरलं, उशाशी दगड उभा केला. पुढं त्या भागात कोळशाची उघडी खाण आली. टोला गेला, दगडही गेला, आणि आता तिथं दोनशे फूट खोल खड्डा आहे. बायजाबाईचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. साहेबाच्या कॅमेऱ्यातला रोल ओला झाला होता, असं त्याच्याच पुस्तकात छापलंय.

अंजना लग्न होऊन कन्हानला आली. नवरा ट्रकवर माल चढवायचा. तो गेला तेव्हा पोरगा रोहित सात वर्षांचा होता. ओळखीनं तिला कॉलेजात झाडझुडीचं काम लागलं, आणि दोन हजार दोन साली, कामाच्या चौथ्या दिवशी, तिला मागची खोली झाडायला सांगितली.

ती कपाटासमोर उभी राहिली आणि तिच्या हातातला झाडू खाली पडला. डाव्या भुवईच्या वर तिरपी खूण होती. गवत कापताना विळा उसळून बसलेली. ती खूण अंजना लहानपणी अंगठ्यानं चाचपत झोपायची.

तिनं कुणाला सांगितलं नाही. रोजंदारीवरची बाई, वरून सरकारी माणसाला खोटं सांगितलेल्या टोल्यातली. हे उघड झालं तर काय होईल, याचा तिला अंदाज नव्हता, आणि ज्याचा अंदाज नाही त्याच्या वाटेला जायचं नाही हे ती शिकलेली होती. पुढं ती कायम झाली, परिचर झाली, खोलीच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. भिंतीवर सूचना होती, 'चेहऱ्यांवरील धूळ कोरड्या ब्रशने झटकावी.' तेरा चेहऱ्यांची ती तशीच झटकायची. पण आईच्या तोंडावर कोंबड्याच्या पिसांचा ब्रश फिरवायला तिचा हात धजेना. सात नंबर ती ओल्या फडक्यानं पुसायची. कपाळ, डोळे, नाकाच्या कडा, हनुवटी. शेवटी भुवईवर अंगठा ठेवायची, आणि कपाट बंद करायची.

एकदा तिनं रोहितला बोलावून मोबाइलवर फोटो काढून घेतला. त्यात चुना फासलेल्या मढ्यासारखं काहीतरी दिसत होतं. सुनेनं, कामिनीनं पाहिलं आणि म्हणाली, "आई, हे काय ठेवून राहिले फोनमध्ये? भेव वाटते." रोहितनं तो पुसून टाकला. कामिनी एका पार्लरमध्ये कामाला होती. बायकांच्या तोंडावर पांढरे लेप लावून ती घरी यायची आणि चवीनं सांगायची. अंजनाबाई तेव्हा उठून मोरीत भांडी घासायला जायची. काहून जाते, हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि कामिनीला वाटायचं सासूला आपला धंदा आवडत नाही.

असं तेवीस वर्षं चाललं.

यंदाच्या मार्चात विभागाच्या दारावर फलक लागला : 'मानवशास्त्राचे निर्वसाहतीकरण : दोन दिवसीय चर्चासत्र'. अंजनाबाईनं तो स्टुलावर चढून स्वतः बांधला. शब्द तिला वाचता आला, कळला नाही. चहा देताना थोडा थोडा कळत गेला.

डॉ. मेघा गजभिये दोन वर्षांपूर्वी विभागात आल्या होत्या. बोलणं सडेतोड. त्या मांडत होत्या, "इंग्रजानं आपली डोकी मोजली, कोण उंच कोण नीच ते नाकाच्या मापावर ठरवलं. तो गेल्यावर आपण काय केलं? तोच चिमटा घेऊन टोल्यावर गेलो. माझ्या आजोबांचं डोकं मोजलेलं आहे. वहीत नंबर आहे, जात आहे, आजोबा नाहीत. मागच्या खोलीत चौदा माणसं कैदेत आहेत. त्यांना कुणी विचारलं होतं?"

विभागप्रमुख ऋषिकेश सर कपातली साखर ढवळत होते. "मॅडम, भावना मान्य. पण साहित्य नष्ट केलं तर उद्या ती चूक दाखवायची कशावरून? ही विद्येची ठेव आहे."

"ठेव ठेवणाऱ्याची असते सर. घेणाऱ्याची नसते."

टाळ्या पडल्या. अंजनाबाईनं ट्रे टेबलावर टेकवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या चेहऱ्यांना माणसं म्हटलं होतं.

कमिटी बसली, नियम ठरले. मसुदा मेघा मॅडमनी लिहिला. चेहरे पट्टीवरच्या नावाच्या वारसांना सन्मानानं परत द्यायचे. ज्यांचे वारस मिळणार नाहीत ते सीलबंद पेटीत दूरच्या एका कोठारात जातील, आणि समाजाकडून मागणी आल्याशिवाय ती पेटी उघडली जाणार नाही. तोवर प्रदर्शन नाही, फोटो नाही, कुठलीही प्रत नाही. यादी निघाली. तीन चेहऱ्यांना वारस मिळाले होते. सात नंबरपुढं लिहिलं होतं, 'जयवंता : निपुत्रिक. वारस नाही.'

त्या दुपारी अंजनाबाई मेघा मॅडमच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, सात नंबर माही माय होय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. अंजनाबाईनं सगळं सांगितलं. जीप, धोंडबा, मेलेल्यांची नावं, लाल साबण, विळ्याची खूण. मॅडम उठून तिच्याजवळ आल्या, तिचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते खरं होतं. मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे चौदाही नावं खोटी?"

"खोटीच. जिवंत माणसानं आपलं नाव दिलंच नाही ना."

"अंजनाबाई, हे किती मोठं आहे तुम्हाला कळतंय का? लोकांनी त्या माणसाला चकवलं. सगळ्या टोल्यानं मिळून." मॅडम क्षणभर हसल्या, मग हसू गेलं. "पण हे आत्ता बाहेर आलं तर ऋषिकेश सर काय म्हणतील? नोंदीच खोट्या आहेत, मग कोणाला काय परत देता, राहू द्या सगळं इथंच. ते वाटच पाहतायत."

"मले बाकीच्याचं नाही माहीत मॅडम. मले मायचं तोंड पाहिजे. घरी नेतो. देव्हाऱ्यापाशी ठेवतो."

"साक्षीदार कुणी आहे?"

टोल्यातल्या मोठ्या माणसांपैकी कुणीच उरलं नव्हतं. धोंडबाचा नातू रुपराव सावनेरला होता, समाजाच्या संघटनेत पुढारी. दोन नंबरचा चेहरा त्याच्या पणजाच्या नावानं त्याला मिळायचा होता, कार्यक्रमाला मंडप ठरला होता. अंजनाबाईनं त्याला फोन लावला.

"काकू, आता कायले उकरून राहिली वं?" रुपराव म्हणाला. "पत्रिका छापल्या माह्या."

"अरे, तो तुहा पणजा नाही. आजा होय. मी पाहिलं ना."

"आजा काय न पणजा काय, घरचाच हाय न? तू सांगशीन नावं खोटी, तं आमचाबी हक्क जाईन. तुह्या एकटीपायी समाजाचं कायले बिघडवतं? गप राह्य ना वं काकू."

तिनं फोन ठेवला. आता पुरावा म्हणून राहिली ती खूण. मेघा मॅडमनी अर्ज लिहून दिला, अंजनाबाईनं खाली सही केली. 'डाव्या भुवईवरील जखमेच्या व्रणावरून ओळख पटवून देण्यास तयार आहे.'

एप्रिलच्या शेवटी कमिटी मागच्या खोलीत जमली. ऋषिकेश सर, मेघा मॅडम, आणि बाहेरून आलेला एक तज्ज्ञ, ज्याच्या हातात बॅटरी होती. चौदाही चेहरे टेबलावर ओळीनं मांडले होते. अंजनाबाईनं त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

"दाखवा बाई," सर म्हणाले.

ती पुढं झाली. सवयीनं अंगठा भुवईवर ठेवला आणि म्हणाली, "हे पाहा."

तज्ज्ञानं बॅटरी तिरपी धरली. सगळे वाकले. त्यानं भिंग काढलं, पुन्हा वाकला.

"इथं काही नाही," तो म्हणाला.

"हाय ना साहेब. हे अंगठ्याले लागते."

तिनं अंगठा उचलला आणि बॅटरीच्या उजेडात स्वतः पाहिलं. भुवई गुळगुळीत होती. भुवईच नव्हती म्हटलं तरी चाललं असतं. नाकाचा शेंडा बोथट झाला होता, पापण्यांची कड गेली होती, ओठांच्या मधली रेघ भरल्यासारखी दिसत होती. बाजूला सहा नंबर आणि आठ नंबर ठेवले होते. त्यांच्या कातडीवरची छिद्रंसुद्धा मोजता येत होती. अंजनाबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सातकडे. पुन्हा अंगठा ठेवून पाहिला. अंगठ्याला खूण लागत होती. किती वर्षांपासून ती नुसती अंगठ्यातच होती, कोण जाणे.

तज्ज्ञ कागदावर लिहीत म्हणाला, "चुकीच्या पद्धतीनं साफसफाई. ओल्या कापडानं, बरीच वर्षं. प्लास्टरला पाणी चालत नाही. पण हा एकच कसा झिजला?"

मग मेघा मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, हाच पुरावा नाही का? चौदांतला एकच कुणी कशाला असा पुसेल?"

"हा नुकसानीचा पुरावा आहे मॅडम," ऋषिकेश सर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट त्यांना वाईटच वाटत होतं. "भिंतीवर सूचना लावलेली आहे. यांचा दावा रेकॉर्डवर घेतला, तर हेही रेकॉर्डवर घ्यावं लागेल. जूनअखेर यांची निवृत्ती आहे. चौकशी लागली तर ती कुठवर जाईल, मी सांगू शकत नाही."

संध्याकाळी मेघा मॅडमनी अंजनाबाईला खोलीत बोलावलं. खुर्ची पुढं सरकवली. अंजनाबाई उभीच राहिली.

"अर्ज मागं घ्या," मॅडम म्हणाल्या. "माझं ऐका बाई."

"तुमी तं म्हणत होत्या, ठेव ठेवणाऱ्याची असते."

मॅडमनी मान खाली घातली. "पेटी कुणी फोडणार नाही. कोठारात सुरक्षित राहील. पुढं कधीतरी..."

"माह्यापाशी पुढं कुठं हाय, मॅडम? बरं, देऊ नका. तिचा एक साचा काढू द्या. दुसरा चेहरा करून घेतो मी."

"प्रत काढायची नाही, असं कलम आहे."

"कोणं लिहिलं?"

"मीच," मेघा मॅडम म्हणाल्या. "त्या माणसांचा पुन्हा अपमान होऊ नये म्हणून लिहिलं होतं."

अंजनाबाईनं टेबलावरच्या कागदावर सही केली. अर्ज मागं घेतल्याची सही अर्जावरच्या सहीपेक्षा नीट आली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पेट्या आल्या. अकरा चेहरे बांधायचं काम अंजनाबाईकडेच होतं. त्या खोलीतलं सगळं तिच्याकडेच असायचं. दुपारी बाराला गाडी येणार होती. पेटी उचलून घरी न्यावी, असं तिच्या मनात येऊन गेलं नाही असं नाही. पण प्रत्येक पेटीचं वजन वहीत मांडलेलं होतं, फाटकावर पहारेकरी होता, आणि तिच्यामागं रोहितचं घर होतं.

सकाळी निघताना तिनं कणिक मळली होती. घट्ट, पाणी कमी, मीठ न घालता. पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात भरून आणली होती. कामिनीनं विचारलं होतं, "आई, कॉलेजात कणिक कायले?" ती म्हणाली होती, "शेगडी हाय तिथं. गरम खातो."

तिनं खोलीचं दार आतून लावलं. सात नंबर टेबलावर उताणा ठेवला. वाटीतलं तेल बोटांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत लावलं, साहेबानं व्हॅसलिन लावलं होतं तसं. मग कणकेचा जाड रोट थापून तोंडावर बसवला आणि सगळीकडून दाबला. नाकाशी आल्यावर तिचा हात थांबला. नळ्या नव्हत्या. लागणार नव्हत्या हे तिला माहीत होतं, तरी तिनं नाकपुड्यांच्या जागी करंगळीनं दोन भोकं पाडली.

वीस मिनिटं ती बाजूला बसून राहिली. टेबलाखाली धरायला कुणाचा हात नव्हता. तिनं स्वतःचाच डावा हात उजव्या हातानं धरला, दाबला, सोडला.

कणिक अख्खी निघाली. आत नाकाचा खळगा होता, डोळ्यांचे दोन खळगे, हनुवटी. भुवईच्या जागी काही नव्हतं, पण तोंड होतं. तिनं ती अलगद डब्यात उताणी ठेवली. सात नंबरवरचं तेल पुसलं, या वेळी कोरड्या फडक्यानं. कापसात गुंडाळून पेटीत ठेवला. झाकणावर खिळे ठोकायला दुसरा माणूस आला, तेव्हा ती व्हरांड्यात उभी राहिली आणि खिळे मोजले. बारा होते. गाडी साडेबाराला गेली.

सुटी व्हायला पाच वाजले. बाहेर पंचेचाळीस अंशांची हवा होती. कन्हानच्या बसमध्ये पत्र्याला हात लावता येत नव्हता. कामठीपर्यंत ती उभीच होती, डबा पोटाशी धरून. घरी येऊन तिनं डबा ओट्यावर ठेवला, आणि पाय धुवायला मोरीत गेली. आज रातच्यालेच रोहितला सांगायचं, पीओपी आण म्हणून. त्याचा एक दोस्त घरांना छत बसवायचा, त्याच्याकडे पोतीच्या पोती असायची.

"आई," आतून कामिनी म्हणाली. "कणिक तं परत आणली तुमी. आंबली हाय. फेकू काय?"

अंजनाबाई ओल्या पायांनी आली. झाकण निघालेलं होतं. कणिक फुगून डब्याच्या काठापर्यंत आली होती. खळगे भरून गेले होते. वरती बुडबुडे होते, आणि मध्ये दोन बारीक भोकं तेवढी राहिली होती, करंगळीनं पाडलेली.

ती ओट्याला धरून खाली बसली. कामिनीनं आधी पाणी दिलं, मग पंखा या बाजूला फिरवला, मग तिच्यासमोर फतकल मारून बसली. "काय झालं ते सांगा," म्हणाली. आणि मग अंजनाबाईनं सांगितलं. तेवीस वर्षांत जे घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते, जीपपासून बारा खिळ्यांपर्यंत.

कामिनी ऐकत राहिली. पदराच्या टोकाला बोटानं पीळ देत राहिली.

"मले काहून नाही सांगितलं आई?" ती शेवटी म्हणाली. "आमच्या पार्लरात रबराची पावडर येते. पाण्यात कालवायची, तोंडावर लावायची, पंधरा मिनिटात रबरासारखी अख्खी निघते. पापणीचा केससुद्धा उठते त्याच्यात. एक पाकीट मी कालच वापरलं."

अंजनाबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"गाडी गेली काय?"

"साडेबाराले."

कामिनी उठली. डबा उचलला, पण फेकायला गेली नाही. तसाच धरून उभी राहिली, सासू काय म्हणते त्याची वाट पाहत.

"दे इकडं," अंजनाबाई म्हणाली.

तिनं कणकेचा गोळा हातानं काढून मोरीबाहेर गाईच्या टोपल्यात टाकला. डब्याच्या तळाला, कडेला, चिकटलेलं राहिलं होतं. तिनं दोरीवरचं फडकं ओढलं, नळाखाली ओलं केलं, पिळलं, आणि डबा पुसत बसली. आधी मधला भाग, मग कडा.